टिफनीचे दिवे आणि क्लाराची पत्रे

अमेरिका महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती, त्या १९३५ सालची ही गोष्ट. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात एगॉन आणि हिल्डेगार्ड न्यूस्टाट या नवविवाहित दाम्पत्याला रंगीत काचांचा एक टेबल लॅम्प दिसला. शेडवर पिवळ्या डॅफोडिल फुलांची नक्षी होती. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या न्यूस्टाट यांनी तो साडेबारा डॉलरना विकत घेतला. असला दिवा घरात ठेवणे म्हणजे आजीच्या जमान्यातील अडगळ जपणे, असे त्या काळची अभिरुचीसंपन्न मंडळी समजत. त्याच कारखान्यात घडलेला, कुमुदिनीच्या फुलांचा ‘पाँड लिली’ हा दिवा डिसेंबर २०१८ मध्ये ‘ख्रिस्टीज’च्या लिलावात सुमारे ३३ लाख ७० हजार डॉलरना विकला गेला.

साडेबारा डॉलरपासून तेहतीस लाखांपर्यंतचा हा प्रवास वारंवार सांगितला जातो आणि तो रंजकही आहे. पण ‘टिफनी लॅम्प’ या नावाच्या पोटात आणखी एक कथा दडली होती. ती उजेडात यायला २००५ साल उजाडावे लागले. ज्या दिव्यांवर टिफनी हे नाव कोरलेले आहे, त्यांतील सर्वाधिक नावाजलेले दिवे प्रत्यक्षात कोणी कल्पिले, हा प्रश्न शंभर वर्षे कोणाला फारसा पडलाच नव्हता.

वडिलांचे दुकान, मुलाची काच

प्रथम एक गोंधळ दूर करायला हवा. दागिन्यांसाठी जगप्रसिद्ध असलेली ‘टिफनी अँड कंपनी’ आणि दिवे घडवणारी ‘टिफनी स्टुडिओज’ या दोन वेगळ्या संस्था होत. पहिलीचा पाया चार्ल्स लुईस टिफनी यांनी १८३७ मध्ये जॉन यंग या भागीदारासह न्यूयॉर्कमध्ये घातला. लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तू विकणारे ते दुकान पुढे हिरे-माणकांच्या व्यापारात शिरले. दुसरी संस्था चार्ल्स यांचे पुत्र लुईस कम्फर्ट टिफनी यांची. १८ फेब्रुवारी १८४८ रोजी जन्मलेल्या लुईस यांना पेढीवर बसण्यात रस नव्हता. ते चित्रकार झाले. जॉर्ज इनेस या निसर्गचित्रकाराकडे त्यांनी धडे घेतले, १८७० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेची यात्रा केली आणि तिथले झगझगीत रंग डोळ्यांत साठवून ते परतले. वडिलांची श्रीमंती पाठीशी असल्याने प्रयोगांवर पैसा ओतणे त्यांना परवडत होते, हेही सांगितले पाहिजे. काचेच्या कामाने वर्षानुवर्षे नफा दिला नाही, तरी ते चालू राहू शकले ते यामुळेच.

१८७९ मध्ये कँडेस व्हीलर, सॅम्युअल कोलमन आणि लॉकवुड डी फॉरेस्ट यांच्यासह टिफनी गृहसजावटीच्या व्यवसायात उतरले. यांतील डी फॉरेस्ट यांचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. लग्नानंतर पत्नीसह ते भारतात आले आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील अहमदाबाद शहरात मगनभाई हठीसिंग यांच्या साह्याने त्यांनी लाकडी कोरीवकामाचा कारखाना उभा केला. तिथल्या सुतारांनी सागवानात कोरलेल्या चौकटी आणि जाळ्या अमेरिकेतील धनिकांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. टिफनींच्या या मंडळींनी १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्यासाठी व्हाइट हाऊसची सजावट केली. तिथे उभारलेला रंगीत काचांचा भलामोठा पडदा १९०२ मध्ये थिओडोर रुझवेल्ट यांच्या कारकिर्दीतील नूतनीकरणात काढून टाकण्यात आला. टिफनींच्या हयातीतच त्यांच्या कलेला लागलेली ती पहिली ठेच म्हणायला हरकत नाही.

युरोपातील चर्चच्या खिडक्यांमध्ये शेकडो वर्षे एक रीत चालत आली होती. काचेचे रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडायचे आणि चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, फुलापानांच्या शिरा असे तपशील काचेच्या पृष्ठभागावर रंगाने काढून भट्टीत भाजायचे. टिफनींना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अशा रंगामुळे काचेतून येणारा प्रकाश मरतो. पाकळीची छटा, पाण्यावरची लहर, पानाचा सुरकुतलेला कडा हे सारे काच वितळलेली असतानाच तिच्या अंगात उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. याच दिशेने जॉन ला फार्ज हे चित्रकारही प्रयोग करीत होते. दुधाळ झाक असलेल्या, अर्धपारदर्शक ‘ओपलेसेंट’ काचेचे पेटंट ला फार्ज यांना १८८० मध्ये मिळाले, टिफनींना १८८१ मध्ये. दोघांत यावरून जे वितुष्ट आले ते कायमचेच.

१८८५ मध्ये ‘टिफनी ग्लास कंपनी’ स्थापन झाली. बाहेरून विकत घेतलेली काच मनासारखी मिळेना, तेव्हा १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना येथे स्वतःची भट्टी उभी राहिली. तिची सूत्रे आर्थर नॅश या इंग्लंडमधील स्टुअरब्रिजच्या अनुभवी काचतज्ज्ञाकडे होती. येथे तयार होणाऱ्या काचेसाठी ‘फावरील’ हे नाव १८९४ मध्ये नोंदवण्यात आले. हाताने घडवलेले, अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून ते बेतले होते. या भट्टीतून काचेचे असंख्य प्रकार बाहेर पडत. गरम तक्ता ओढून-दुमडून वस्त्रासारख्या चुण्या पाडलेली काच, पातळ रंगीत कपच्या आत रुतवलेली काच, लाटालाटांची काच, ठिपक्यांची काच, तापलेल्या अवस्थेत धातूंच्या वाफांचा थर देऊन मोरपिसासारखी चमक आणलेली काच. एकाच तक्त्यात डावीकडे हिरवा आणि उजवीकडे जांभळा रंग विरघळत गेलेला असे. चित्रकार रंगपेटीतून रंग उचलतो, तसे या तक्त्यांतून नेमके तुकडे निवडायचे होते, आणि पुढच्या साऱ्या कथेचा कणा ही निवडच आहे.

खिडकीपासून दिव्याकडे

टिफनींचा मुख्य धंदा खिडक्यांचा होता. चर्च, ग्रंथालये, विद्यापीठे आणि श्रीमंतांचे वाडे हे त्यांचे ग्राहक. एकेक खिडकी म्हणजे मोठा खर्च आणि महिनोन्महिन्यांचे काम. शिवाय खिडकी दिवसाच शोभते. रात्री घरात बसलेल्याला ती काळी दिसते. दिव्याच्या शेडमध्ये हा न्याय उलटा होतो. उजेड आतून येतो, म्हणून अंधार पडल्यावरच काच जिवंत होते. खिडक्यांच्या कामातून उरणारे लहान लहान तुकडेही शेडसाठी वापरता येत.

त्याच सुमारास वीज घरोघर पोहोचू लागली होती. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लायसियम नाट्यगृहाच्या सजावटीत टिफनींनी थॉमस एडिसन यांच्या विजेच्या दिव्यांचा उपयोग केला होता. विजेच्या उघड्या बल्बचा लखलखाट रॉकेलच्या वातीची सवय असलेल्या डोळ्यांना बोचत असे. दुधाळ रंगीत काचेने तो निवला. मात्र पहिले टिफनी दिवे विजेचे नव्हते. त्यांच्या बैठकीत तेलाची टाकी असे आणि वर वात. पुढे अनेक दिव्यांत मागाहून वायर ओढून बल्ब बसवण्यात आले.

१८९५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये सिगफ्रीड बिंग यांचे ‘लार नूव्हो’ हे दालन उघडले, ज्याच्या नावावरून एका संपूर्ण कलाशैलीचे नामकरण झाले. टिफनींची काच तिथे मांडलेली होती. १८९९ मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीतील प्रदर्शनात काचतुकड्यांच्या शेडचे दिवे झळकले आणि १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात चतुरांच्या नक्षीच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ दिव्याला कांस्यपदक मिळाले. ते पदक क्लारा ड्रिस्कॉल या महिलेच्या नावे होते. हे नाव तेव्हा कागदोपत्री आले आणि मग विस्मृतीत गेले.

एक शेड, दोन हजार तुकडे

दिवा कसा घडे, हे पाहिल्याशिवाय श्रेयाचा प्रश्न नीट समजत नाही. प्रथम जलरंगात आराखडा निघे. तो शेडच्या आकाराच्या घुमटाकार लाकडी साच्यावर रेषांनी उतरवला जाई. प्रत्येक तुकड्यासाठी पितळी पत्र्याचा नमुना कापून त्यावर क्रमांक टाकला जाई. मग येई काचेची निवड. निवड करणारी स्त्री खिडकीच्या उजेडासमोर तक्ता धरून त्यावर नमुना फिरवत राही, आणि पाकळीच्या टोकाला हवी असलेली फिकी कडा किंवा देठाशी हवा असलेला गडद डाग जिथे सापडेल तिथेच खूण करी. तिच्या सांगण्याप्रमाणे काच कापली जाई. तुकड्याच्या कडेला तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी मेणाने चिकटवली जाई. अशा पट्टी लावलेल्या तुकड्यांची साच्यावर जुळणी झाली की शिशे-कथलाच्या मिश्रणाने आतून-बाहेरून झाळ देऊन ते सांधायचे. झाळकाम पुरुष कारागिरांकडे असे. शेवटी सांध्यांवर तांब्याचा मुलामा देऊन रसायनांनी जुनाट हिरवट-तपकिरी रंगत आणली जाई आणि शेड ब्राँझच्या बैठकीवर चढे.

तांब्याच्या पट्टीचे महत्त्व थोडे उलगडून सांगायला हवे. खिडकीतील शिशाची पट्टी जाड असते. तिच्यात नखाएवढे तुकडे बसवणे कठीण, आणि घुमटाचा बाक साधणे त्याहून कठीण. तांब्याच्या पट्टीमुळे सांधा दोऱ्यासारखा बारीक झाला. ‘विस्टेरिया’ हा दिवा यामुळेच शक्य झाला. विस्टेरिया म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस लोंबणारा वेल. सुमारे १८ इंच व्यासाच्या या शेडमध्ये जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत. माथ्यावर ब्राँझच्या फांद्यांची जाळी, खाली बुंध्याच्या आकाराची बैठक आणि शेडची खालची कड सरळ न ठेवता घोस जिथे संपतो तिथे तशीच वेडीवाकडी सोडलेली. एकाच नमुन्याचे दोन विस्टेरिया शेजारी ठेवले तर एक पहाटेचा वाटतो आणि दुसरा तिन्हीसांजेचा, कारण निवडणारी निराळी किंवा तिच्या हाताशी आलेला तक्ता निराळा. १९०६ च्या दरपत्रकात विस्टेरियाची किंमत ४०० डॉलर होती. साध्या अमेरिकी कामगाराची ती कित्येक महिन्यांची कमाई.

‘ड्रॅगनफ्लाय’मध्ये वेगळीच युक्ती आहे. चतुराच्या पंखांमागची काच साधी रंगीत आहे. पंखांवरच्या शिरांचे जाळे मात्र धातूच्या पातळ पत्र्यात आम्लाने कोरून वर बसवलेले आहे. दिवा बंद असताना हे जाळे डोळ्यात भरते, लावल्यावर त्याची सावली पंखांत मिसळून जाते.

क्लारा ड्रिस्कॉल

क्लारा पियर्स वोल्कॉट यांचा जन्म १८६१ मध्ये ओहायो राज्यातील टॉलमॅज या छोट्या गावी झाला. क्लीव्हलँडमधील स्त्रियांच्या कलाशाळेत आणि नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या कलाशाळेत त्या शिकल्या. १८८८ च्या सुमारास त्या टिफनींकडे कामाला लागल्या. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस ड्रिस्कॉल यांच्याशी विवाह झाल्यामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. लग्न ठरलेल्या वा झालेल्या स्त्रीने कामावर राहू नये, हा तिथला दंडक होता. १८९२ मध्ये पती वारले आणि क्लारा परतल्या.

त्यांचे परतणे आणि एक संप यांची वेळ जुळून आली. १८९३ मध्ये शिकागो येथे भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनासाठी टिफनी एक संपूर्ण प्रार्थनागृह उभारत होते. नेमक्या त्याच वेळी काच कापणाऱ्या पुरुष कामगारांच्या संघटनेने संप पुकारला. संघटनेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यामुळे संपाचे बंधनही त्यांना नव्हते. टिफनींनी कलाशाळांतून तरुणींना बोलावून स्त्रियांचा काच-कापणी विभाग सुरू केला आणि क्लारा त्याच्या प्रमुख झाल्या. सहा जणींनी आरंभ झाला. १८९४ पर्यंत संख्या पस्तिसाच्या घरात गेली. कारखान्यात त्यांना ‘टिफनी गर्ल्स’ म्हणत. रंग ओळखण्याची स्त्रियांची दृष्टी पुरुषांपेक्षा तरल असते, अशी टिफनींची धारणा होती. ती कितपत खरी हा वादाचा मुद्दा आहे. या विभागाच्या जन्मामागे धारणेइतकाच संपही होता, एवढे मात्र निश्चित.

१८९६ मध्ये दुसऱ्या विवाहाचा बेत ठरल्याने क्लारा पुन्हा नोकरी सोडून गेल्या. लग्न व्हायच्या आधीच तो गृहस्थ बेपत्ता झाला आणि त्या तिसऱ्यांदा टिफनींकडे आल्या. त्यांच्या हातून दिव्यांचे नमुने निघू लागले ते या पर्वात. पिवळ्या प्रिमरोज फुलांवर भिरभिरणारी फुलपाखरे, चतुर, विस्टेरिया, पिओनी असे तीसहून अधिक दिवे आज त्यांच्या नावावर मानले जातात. अर्थात त्या एकट्या नव्हत्या. अ‍ॅलिस गौवी, लिलियन पाल्मिए या सहकारी त्यांच्या विभागात होत्या, तर खिडक्यांच्या आराखड्यांत अ‍ॅग्नेस नॉर्थरॉप यांनी स्वतंत्र स्थान मिळवले होते.

१९०३ मध्ये संघर्ष उघडपणे पेटला. खिडक्यांचे काम स्त्रियांकडे का जाते, असा सवाल पुरुषांच्या संघटनेने केला आणि संपाची धमकी दिली. या प्रसंगी टिफनींनी आपल्या विभागाची पाठ सोडली नाही. मात्र तडजोड झाली ती स्त्रियांच्या संख्येवर: विभागात सत्तावीसपेक्षा अधिक जणी नसाव्यात. काम कितीही वाढले तरी सत्तावीस! व्यवस्थापनाची कुरबुर निराळीच होती. क्लारांचे दिवे महाग पडतात, साधे आणि पटकन होणारे नमुने काढा, असा तगादा त्यांच्यामागे असे. विस्टेरियासारखा दोन हजार तुकड्यांचा दिवा अशा तगाद्यातून तगला, याचे श्रेय टिफनींच्या हट्टालाही द्यायला हवे. खर्चाची फिकीर न करणारा मालक नसता तर क्लारांचे कागदावरचे आराखडे कागदावरच राहिले असते.

१९०९ च्या सुमारास एडवर्ड बूथ यांच्याशी विवाह करून क्लारा यांनी टिफनींचा निरोप घेतला, या वेळी कायमचा. पुढे त्या रेशमी स्कार्फ रंगवीत. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा टिफनी दिव्यांना कोणी विचारत नव्हते आणि त्यांनाही.

उतरती कळा

१९०२ मध्ये वडिलांच्या निधनानंतर लुईस टिफनी हे दागिन्यांच्या कंपनीचेही कलासंचालक झाले. लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथे त्यांनी सुमारे ६०० एकरांच्या परिसरात ८४ खोल्यांचा ‘लॉरेल्टन हॉल’ हा वाडा १९०५ मध्ये पूर्ण केला. पण पहिल्या महायुद्धानंतर रुची बदलली. सरळ रेषा, चकचकीत धातू आणि साधेपणा यांची चलती सुरू झाली. फुलापानांचा पसारा जुनाट वाटू लागला. भट्ट्यांचा व्यवसाय १९२४ मध्ये गुंडाळला गेला. १९३२ मध्ये टिफनी स्टुडिओजने दिवाळखोरी जाहीर केली आणि १७ जानेवारी १९३३ रोजी लुईस टिफनी निवर्तले. लॉरेल्टन हॉलमधील वस्तूंचा १९४६ मध्ये लिलाव झाला, तर १९५७ मध्ये तो वाडा आगीत भस्मसात झाला.

अशा काळात काही माणसांनी जे वाचवले, त्यावरच आजचा सारा डोलारा उभा आहे. टिफनींकडे चाळीसेक वर्षे काम केलेल्या जोसेफ ब्रिग्ज यांनी १९३३ मध्ये सुमारे १४० काचवस्तू इंग्लंडमधील आपल्या जन्मगावी, अ‍ॅक्रिंग्टनला धाडल्या. त्या आज तिथल्या हॉवर्थ आर्ट गॅलरीत आहेत. तरुणपणी लॉरेल्टन हॉलमध्ये राहून चित्रकला केलेले ह्यू मकीन आणि त्यांच्या पत्नी जेनेट यांनी आगीनंतर जळक्या अवशेषांतून खिडक्या आणि खांब उचलून फ्लोरिडातील विंटर पार्क येथे नेले. तिथल्या मोर्स म्युझियममध्ये शिकागोचे ते प्रार्थनागृह १९९९ पासून पुन्हा उभे आहे. न्यूस्टाट दाम्पत्याने साडेबारा डॉलरपासून सुरू केलेला संग्रह दोनशेहून अधिक दिव्यांपर्यंत वाढवला. १९७० मध्ये न्यूस्टाट यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ऐंशीच्या दशकात १३२ दिवे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला दिले.

बाजार तोवर पालटला होता. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या समकालीन हस्तकला संग्रहालयात टिफनींवर प्रदर्शन भरले, साठच्या दशकात फुलापानांच्या शैलीची लाट नव्याने आली आणि किमती चढू लागल्या. १९९७ मध्ये ‘पिंक लोटस’ या दिव्याला २८ लाख डॉलर मिळाले. लिलावांच्या सूचिपत्रांत या साऱ्या दिव्यांचे कर्ते म्हणून लुईस टिफनी यांचेच नाव छापले जाई.

पत्रे सापडली

क्लारा, त्यांची आई आणि बहिणी यांच्यात पत्रांची एक साखळी होती. एकीने लिहायचे, दुसरीने त्यात आपले पान जोडून पुढे पाठवायचे, अशी ती रीत. विखुरलेल्या कुटुंबाने एकमेकांना धरून ठेवण्याचा हा उपाय होता. ही पत्रे कुटुंबाकडून ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि न्यूयॉर्कमधील क्वीन्स हिस्टॉरिकल सोसायटीत पोहोचली होती. मार्टिन आयडेलबर्ग, नीना ग्रे आणि मार्गारेट होफर या अभ्यासकांनी २००५ मध्ये ती वाचली. घरगुती बातम्या, वसतिगृहातील जेवण, नाटके यांच्या मधोमध क्लारा आपल्या विभागातील कामाचे वर्णन करीत होत्या: कोणत्या दिव्याची कल्पना कशी सुचली, आराखडा मालकांना कसा वाटला, किती खर्च झाला. चतुराचा आणि विस्टेरियाचा दिवा आपण कल्पिला हे त्यांनी मोठी घोषणा करून सांगितले नव्हते, तर आठवड्याच्या हकिगतीत सहज लिहिले होते. यामुळेच ही साक्ष विश्वसनीय ठरते. शंभर वर्षांनंतर कोणी श्रेयाचा निवाडा करील, याची त्यांना कल्पना नव्हती.

२००७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने क्लारा आणि टिफनी गर्ल्स यांच्यावर प्रदर्शन भरवले. २०११ मध्ये सुझन व्ह्रीलँड यांची क्लारांवरील कादंबरी आली. त्यानंतर संग्रहालयांच्या पाट्या बदलू लागल्या.

याचा अर्थ लुईस टिफनी यांनी श्रेय चोरले, असा काढणे घाईचे होईल. त्या काळी कारखान्याच्या मालाला मालकाचे नाव लागणे ही सार्वत्रिक प्रथा होती. निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी, काच आणि पैसा त्यांचाच होता आणि प्रत्येक आराखडा त्यांच्या पसंतीवर अवलंबून असे. पत्रांत क्लारा त्यांच्याविषयी आदराने लिहितात. पण टिफनींच्या मागे इतिहास लिहिणाऱ्यांना ही सबब लागू होत नाही. पॅरिसच्या पदकावरील नाव आणि १८९४ मध्ये या विभागावर आलेला नियतकालिकातील लेख त्यांच्यासमोर होते. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. आता प्रत्येक फुलाच्या दिव्याला क्लारांचे नाव चिकटवण्याची हौस विक्रेत्यांना जडली आहे. पत्रांचा आधार काही दिव्यांना स्पष्टपणे आहे, काहींना केवळ अनुमानाने, आणि क्लारांनी नोकरी सोडल्यानंतरही कारखाना वीसहून अधिक वर्षे चालला होता.

अस्सल कसा ओळखावा

आज ‘टिफनी लॅम्प’ या नावाने जगभर विकले जाणारे बहुतेक दिवे हे केवळ त्या धाटणीचे असतात. त्यात फसवणूक आहेच असे नाही. नाव शैलीचे झाले आहे. टिफनींच्या काळातही कनेक्टिकटमधील हँडेल आणि न्यूयॉर्कमधील डफनर अँड किंबर्ली या कंपन्या काचतुकड्यांचे उत्तम दिवे करीत आणि त्यांनाही आज स्वतंत्र मोल आहे. अडचण होते ती जुन्याच्या नावाने नवे खपवले जाते तेव्हा.

अस्सल दिव्याच्या ब्राँझ बैठकीच्या तळाशी आणि शेडच्या कडेला किंवा कडेच्या आत झाळलेल्या लहान पट्टीवर ‘टिफनी स्टुडिओज न्यूयॉर्क’ असा ठसा आणि बहुधा नमुन्याचा क्रमांक असतो. मात्र ठसा मारणे हे नकली माल करणाऱ्याला सर्वांत सोपे काम. म्हणून जाणकार काचेकडे आधी पाहतात. एकाच पानाच्या दोन तुकड्यांत रंग बदलत गेला आहे का, फुलाच्या मध्याकडे छटा गडद होते का, की सगळ्या पाकळ्या एकाच तक्त्यातून बिस्किटासारख्या कापल्या आहेत? शंभर वर्षांत तांब्याची पट्टी आणि काच यांच्यात किंचित सैलपणा येतो, त्यामुळे जुनी शेड बोटाने हलकेच ठोकली तर आतले तुकडे बारीक वाजतात. बैठक ब्राँझची ओतीव असल्याने वजन भरपूर असते. शेड आणि बैठक मुळात एकमेकांची असतीलच असेही नाही, कारण ग्राहक त्या वेगवेगळ्या निवडून जोडी लावू शकत. दिवा दुरुस्त झाला असेल तर नवी काच कोणती, हे लावलेल्या आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत पाहिल्यावर ध्यानात येते. बंद असताना बेमालूम मिसळणारा तुकडा प्रकाशात अनेकदा उघडा पडतो.

न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर २०१७ मध्ये या दिव्यांसाठी काचेचे खास दालन उघडले. वास्तुरचनाकार एव्हा यिरिच्ना यांनी रचलेल्या त्या अंधाऱ्या, निळसर दालनात शंभर दिवे एकाच वेळी तेवतात. न्यूस्टाट यांनी १९६७ मध्ये आणखी एक खरेदी केली होती. टिफनी स्टुडिओज बंद पडताना उरलेले काचेचे तक्ते आणि दाबून घडवलेले खडे, अडीच लाखांहून अधिक नग, त्यांनी एकरकमी घेतले. ही काच न्यूस्टाट यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेकडे जतन करून ठेवलेली आहे. स्त्रियांच्या विभागात ज्यातून पाकळ्या निवडल्या जात त्याच भट्टीची ही काच, आणि शंका आलेला तुकडा अभ्यासकांना तिच्याशी ताडून पाहता येतो.